दाढदुखीची रात्र आणि ‘बंद झालेली’ गोळी

डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात लागोपाठच्या दोन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. रविवारी, २८ तारखेला, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये आयसीएमआरच्या अहवालाचा दाखला दिला. न्यूमोनिया आणि लघवीच्या संसर्गावर नेहमीची अँटिबायोटिक्स कमी पडू लागली आहेत, तेव्हा ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली. निमेसुलाइडच्या १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या, पोटात गेल्यावर लगेच सुटणाऱ्या सर्व तोंडी औषधांचे उत्पादन, विक्री आणि वितरण तिने बंद केले.

दोन्ही ठिकाणी दाताचा उल्लेख नव्हता. तरीही दंतवैद्य म्हणून मला आधी आमच्या दवाखान्यातले पेशंट आठवले. दाढ ठणकते, दवाखाना बंद असतो किंवा तारीख चार दिवसांनंतरची मिळते, आणि माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन म्हणतो, “दाढ दुखतेय, काहीतरी द्या.” काउंटरवरून जी पुडी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा एक दुखण्याची गोळी असते आणि एक अँटिबायोटिक. कितीतरी वर्षे त्या दुखण्याच्या गोळीचे नाव निमेसुलाइड होते. म्हणजे या दोन्ही बातम्या तुमच्या दाढदुखीच्या पुडीबद्दलच आहेत.

नेमके काय बंद झाले?

अधिसूचनेनंतर काही जणांनी मला विचारले, “निमेसुलाइड बंद झाली ना?” तसे झालेले नाही. १०० मिलिग्रॅमची गोळी, जी घराघरांतल्या डब्यात असते, ती या आदेशाखाली येत नाही. बंदी आहे ती त्याहून जास्त ताकदीच्या गोळीवर. कारण यकृताचे आहे. निमेसुलाइडमुळे काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा होते. मात्रा वाढली की धोका वाढतो, आणि याहून सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. १२ वर्षांखालील मुलांसाठी हे औषध आपल्याकडे २०११ पासूनच बंद आहे. अमेरिकेत त्याला कधी परवानगीच मिळाली नाही. फिनलंड आणि स्पेनने २००२ मध्ये ते बाजारातून काढले, आयर्लंडने २००७ मध्ये. आपल्याकडे जनावरांसाठीही त्याचा वापर आता बंद आहे. त्यामागचे कारण गिधाडे. (आधी गिधाडांना वाचवले, मग माणसांचा विचार झाला, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.)

आता दाढदुखीच्या रात्री काय होते ते पाहा. दहा वाजता एक गोळी घेतली, अकरापर्यंत उतार पडला नाही, म्हणून दुसरी घेतली. शंभर आणि शंभर दोनशे. जी मात्रा एका गोळीत विकायला सरकारने मनाई केली, तीच तुम्ही स्वयंपाकघरात उभे राहून दोन गोळ्यांनी पूर्ण केलीत. तिथे अधिसूचना पोहोचत नाही, औषध निरीक्षकही पोहोचत नाही. त्यातही ज्याला आधी कावीळ झाली आहे, जो रोज दारू घेतो किंवा ज्याला टीबीची औषधे चालू आहेत, त्याच्या यकृतावर आधीच ताण असतो. माझे मत विचाराल तर दाढदुखीसाठी निमेसुलाइडची गरजच नाही, शंभरचीही नाही.

असे इशारे याआधीही आले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सूचना काढली. पाळीच्या दुखण्यासाठी घरात असलेली ही गोळी दाढेलाही सर्रास घेतली जाते. क्वचित एखाद्याला तिची तीव्र ॲलर्जी येते. ताप, अंगभर पुरळ, सुजलेल्या गाठी, आणि आतल्या अवयवांवरही परिणाम. ती बंदी नव्हती, लक्ष ठेवा एवढेच सांगणे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ जोडऔषधांवर बंदी आली. त्यात ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ही जोडगोळी होती. सारखी दिसणारी १०० आणि ३२५ ची गोळी त्या यादीत नव्हती. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. स्ट्रिप उलटी करा, बारीक अक्षरे वाचा किंवा मुलांकडून वाचून घ्या. काय आहे आणि किती आहे, दोन्ही तिथे लिहिलेले असते.

दाढ रात्रीच का ठणकते?

दाताच्या आत मधोमध एक मऊ भाग असतो, त्याला पल्प म्हणतात. नस आणि रक्तवाहिन्या त्यातच असतात. कीड त्याच्यापर्यंत पोहोचली की तो सुजतो. बोटाला सूज आली तर कातडी ताणते, जागा होते. दाताच्या भिंती मात्र दगडासारख्या. सूज फुगायला वाव नाही, म्हणून सगळा दाब नसेवर. आडवे पडलात की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो आणि तोच दाब आणखी चढतो. दिवसा कामात लक्ष असते, रात्री त्या दाढेशिवाय दुसरे काही नसते, हाही भाग आहेच.

दुखण्याची तऱ्हा नीट पाहिलीत तर पुष्कळ कळते. थंड पाणी लागल्यावर कळ येते आणि दोन-चार सेकंदांत जाते, तेव्हा नस बहुधा वाचण्यासारखी असते. फक्त भरून भागू शकते. चहाचा घोट घेतला की ठणका सुरू होतो, पाच-दहा मिनिटे थांबत नाही, किंवा काहीही न लागता झोपेतून उठवतो, तेव्हा नस वाचण्याची शक्यता कमी. काही जण तर बाटलीत बर्फाचे पाणी घेऊनच येतात, दर दोन मिनिटांनी घोट घेतात, कारण त्या थंडाव्यानेच बरे वाटते. त्यांना पाहताच आम्ही ओळखतो की हे काम रूट कॅनालचे आहे, किंवा दाढ काढण्याचे.

आणि एक फसवी गोष्ट. तीन दिवस जीव खाणारी दाढ चौथ्या दिवशी अचानक गप्प होते. घरात सगळे म्हणतात, बरे झाले, आता तारीख रद्द कर. दाढ बरी झालेली नसते, नस मेलेली असते. ओरडणारा गेला, आग तशीच आहे. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजतो. तारीख रद्द करू नका.

अँटिबायोटिकने ठणका का थांबत नाही?

गोळीतले औषध रक्तातून दुखऱ्या जागी पोहोचते. सुजलेल्या, कोंडलेल्या पल्पमध्ये रक्ताभिसरण नीट राहत नाही आणि मेलेल्या नसेत तर ते नसतेच. औषध दारापर्यंत जाते, आत जात नाही. शिवाय नस सुजल्याचा ठणका हा दाबाचा आणि दाहाचा असतो. अँटिबायोटिक दाह कमी करणारे औषध नव्हे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितले आहे. दातावर थेट उपचार होऊ शकत असतील, तर अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये.

मग “मागच्या वेळी पाच दिवसांच्या कोर्सने बरे वाटले” ते कसे? पुडीत दुखण्याची गोळीही होती, आणि त्या पाच दिवसांत नसही मेली. श्रेय मात्र अँटिबायोटिकला मिळाले. पुढच्या वेळी तुम्ही तीच स्ट्रिप मागता. शेजारणीलाही तिचे नाव सांगता.

अँटिबायोटिक लागते तेव्हा ते लागतेच, हेही सांगायला हवे. गालाला पसरती सूज, ताप, गळ्याजवळ गाठी, तोंड न उघडणे, किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती फार कमी असणे, अशा वेळी आम्ही ते स्वतः लिहून देतो, आणि पू काढण्याचे कामही त्याबरोबरच करतो. अमॉक्सिसिलिन हे शेड्यूल एचमधले औषध आहे. चिठ्ठीशिवाय ते विकायचे नाही, असा कायदा आहे. जुलाबाला दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी दाढेसाठी काउंटरवर मिळते, ती तर घेऊच नका. घरात उरलेल्या अर्ध्या कोर्सच्या गोळ्याही नकोत. उद्या घरातल्या आजींना न्यूमोनिया झाला, तर तेव्हा ही औषधे चालायला हवीत. पंतप्रधानांनी उल्लेख केलेल्या अहवालाचा आणि तुमच्या दाढेचा संबंध एवढा सरळ आहे.

मग आज रात्री काय घ्यायचे?

तब्येत एरवी ठीक असलेल्या मोठ्या माणसासाठी दंतवैद्यकात आज पहिली पसंती आयब्युप्रोफेनला आहे, आणि गरज पडल्यास त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही याच बाजूच्या आहेत. आयब्युप्रोफेन दाह कमी करते, पॅरासिटामॉल दुखणे वेगळ्या वाटेने कमी करते. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगले काम करतात. आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पोटात काहीतरी घालून, दर आठ तासांनी; दिवसाला तीनपेक्षा जास्त नाहीत. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, सहा-सहा तासांनी. पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम आहे, पण घरी स्वतःहून घेताना तीनच्या आत राहा. ६५० च्या चार गोळ्या म्हणजे २.६ ग्रॅम, तेवढ्या पुरतात.

घोळ होतो तो जोडगोळीने. आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकाच गोळीत असलेली स्ट्रिप तुम्ही आणलीत, वर तापाची ६५० घेतलीत, सर्दीचीही एक घेतलीत. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही. आयब्युप्रोफेनबरोबर डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक किंवा निमेसुलाइड घेऊ नका. ही सगळी एकाच घराण्यातली. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, पोटाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास मात्र होतो. जिभेखाली ठेवायची किंवा पाण्यात विरघळवायची म्हणून लोकप्रिय झालेली केटोरोलॅक जोरदार औषध आहे. आम्ही ती देतो तेव्हाही दिवस मोजून देतो. मेडिकलमधून परस्पर आणून आठवडाभर घ्यायची ती गोळी नाही.

वेळ चुकवू नका. ठणका शिगेला पोहोचल्यावर घेतलेली गोळी उशिरा काम करते. पहिले दोन दिवस घड्याळ लावून घ्या आणि कागदावर वेळ लिहा, कारण झोपमोड झालेल्या माणसाला रात्री दोनला घेतली की नाही हे आठवत नाही.

आयब्युप्रोफेन कुणी घेऊ नये? मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव होऊन गेलेला, हृदय कमजोर असलेले, रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेले, आणि दुखण्याच्या गोळीने दमा उसळणारे. त्यांनी डॉक्टरांना विचारेपर्यंत पॅरासिटामॉलवर राहावे. गरोदर बाईनेही पॅरासिटामॉलच घ्यावे आणि तिच्या डॉक्टरांना कळवावे. विसाव्या आठवड्यानंतर तर आयब्युप्रोफेन टाळायचेच. पावसाळ्यात दाढदुखीबरोबर सडकून ताप असेल आणि आजूबाजूला डेंग्यू असेल तर आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नको. लहान मुलांना ॲस्पिरिन कधीच नको आणि बाकीचे औषध वजनाच्या हिशेबाने, बालरोगतज्ज्ञांना विचारून. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर “दाढ काढायची आहे” म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका. याने झालेले नुकसान दाढेपेक्षा फार मोठे असते.

गोळीखेरीज जे कामाला येते ते साधे आहे. दाढेत अडकलेला घास आधी काढा. धाग्याने किंवा मऊ ब्रशने, टाचणी-सेफ्टी पिनने नव्हे. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजली असेल तर याचा खरोखर फायदा होतो. गालावर बाहेरून थंड पाण्याचे फडके, पंधरा मिनिटे. रात्री दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवा. दुसऱ्या बाजूने खा, मऊ खा. दात घासणे सोडू नका.

लवंगेच्या तेलाला आधार आहे. त्यातल्या युजेनॉलने नस थोडी बधिर होते आणि आम्हीही ते दंतवैद्यकात वापरतो. कापसाच्या बारीक बोळ्यावर एक थेंब, तो फक्त किडलेल्या खड्ड्यात. हिरडीला लागले तर भाजते, आणि अख्खा गाल आतून पांढरा करून आलेले लोक मी पाहिले आहेत. लहान मुलांना नको. ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवण्याचा प्रकार अजून चालतो, त्यानेही हिरडी जळते. गरम शेक सूज असताना नकोच.

मिशरीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. आपल्याकडे गावागावांत कितीतरी बायकांची मिशरीची सवय दाढदुखीतून सुरू झाली. कुणीतरी म्हटले, लाव, बरे वाटेल. भाजलेल्या तंबाखूने क्षणभर बधिरपणा येतो, बरे वाटतेही. दाढ केव्हाच पडून जाते, मिशरी राहते. दिवसातून तीन-चार वेळा, वीस-तीस वर्षे. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत अशा बाया आम्हाला भेटतात. घरातल्या आई-आजींना दाढदुखीत मिशरीकडे हात जाऊ नये म्हणून वेळेवर गोळी आणून देणे, हे तुमचे काम.

आणि रस्त्यावर बसून कानातून किंवा दाढेतून ‘किडा’ काढून दाखवणारे. दाताच्या किडीत किडा नसतो. तो आधीच त्यांच्या बोटांत किंवा कापसात असतो.

केव्हा तारखेची वाट पाहायची नाही?

सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलल्यासारखी वाटते, थुंकी गिळता येत नाही, आवाज जड झाला, श्वासाला त्रास होतो, तर तो दवाखान्याचा नाही, रुग्णालयाचा विषय आहे. त्या सुजेने श्वासनलिका बंद पडू शकते आणि हे काही तासांत होते. १०८ ला फोन करा, रात्र असली तरी. सूज डोळ्याकडे चढून पापणी मिटायला लागली, थंडी वाजून ताप भरला, तोंड दोन बोटेही उघडत नाही, किंवा मधुमेह असलेल्या माणसाचा गाल सुजून साखर वाढली, तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा.

खालच्या जबड्याचे दुखणे जिना चढताना येते, थांबल्यावर जाते, सोबत घाम, छातीत दडपण, डावा हात जड, तर दाढ विसरा, आधी ईसीजी काढा. वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, वाकल्यावर जास्त, आणि नाक चोंदलेले आहे, तर ते बऱ्याचदा सायनसचे असते.

तारीख लवकर कशी मिळते?

देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, दरवर्षी हजारो दंतवैद्य बाहेर पडतात, आणि तरी तालुक्याच्या गावात रविवारी दाढ दुखली तर दार ठोठवायला जागा नसते. दवाखाने शहरात एकवटले आहेत, आणि आपल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत दवाखान्यातल्या दातांच्या उपचाराचा खर्च धरलेला नसतो. पैसे जमेपर्यंत, पगार होईपर्यंत, दिवाळी होईपर्यंत लोक थांबतात. काउंटरवरची पुडी या थांबण्यातून जन्माला येते. औषधांवर बंदी घालणे बरोबरच आहे, मला त्यात शंका नाही. पण ज्याला दाखवायला जागा नाही त्याने रात्री काय करायचे, याचे उत्तर अधिसूचनेत नसते. निमेसुलाइड गेली तर त्याच पुडीत दुसरी गोळी येईल.

तुमच्या हातात असलेली एक गोष्ट सांगतो. फोनवर “रूट कॅनालची तारीख हवी” असे म्हणू नका. त्याला तासभर लागतो, म्हणून तुम्हाला पुढच्या आठवड्यात ढकलले जाते. “ठणका आहे, झोप नाही, आज फक्त दाढ उघडून द्याल का?” असे विचारा. बधिर करून दाढेला वरून छिद्र पाडणे, आतला दाब मोकळा करणे, औषध ठेवून तात्पुरते बंद करणे, एवढे काम बरेचदा वीस-पंचवीस मिनिटांत होते आणि त्याच संध्याकाळी जेवता येते. दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये आम्ही एवढी जागा काढू शकतो. सूज आहे का, ताप आहे का, तोंड किती उघडते, बीपी-शुगर आणि चालू गोळ्या, हे फोनवरच सांगा.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि काही उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत दंत विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. सकाळी केसपेपर लवकर काढा. रूट कॅनालसाठी तिथे तारीख मिळते, पण “आज दुखणे थांबवा” हे काम त्या दिवशी मागता येते, मागाच.

जाताना काही खाऊन जा, मधुमेहाची गोळी चुकवू नका, आणि गेल्या तीन-चार दिवसांत घेतलेल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणा, मेडिकलमधून सुट्या मिळालेल्याही. चार गोळ्या घेतल्या असतील तर चारच सांगा. आम्ही रागावलो तरी सांगा, कारण पुढची गोळी कुठली आणि किती द्यायची ते त्यावरच ठरते. दाढ उघडल्यावर ठणका गेला तरी काम अर्धेच झालेले असते. तात्पुरते सिमेंट फार टिकत नाही, म्हणून निघण्यापूर्वी दुसऱ्या सिटिंगची तारीख कागदावर लिहून घ्या.